चौकोनी टाइल आणि गोल पाइप : बडोद्यातल्या अभियांत्रिकी प्राध्यापकांना खुले पत्र

प्रति,
बडोदा आणि आसपासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील धातुशास्त्र, यांत्रिकी आणि इन्स्ट्रुमेंटेशन विभागांचे प्राध्यापक

सर आणि मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी मकरपुरा जीआयडीसीत थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचे सेन्सर, बनवते. वडिलांनी उभं केलेलं छोटं वर्कशॉप आहे. के टाइप, जे टाइप, आरटीडी, भट्ट्यांचे आणि स्टीम लाइनचे सेन्सर असं आमचं काम. दरवर्षी डिसेंबर-जानेवारी आला की फायनल इयरची मुलं शेडच्या दारात उभी राहतात. कधी या कॉलेजची, कधी त्या. हातात ऑनलाइन मागवलेली पांढरी चौकोनी टाइल असते, चाळीस बाय चाळीस मिलिमीटर, पाठीवर १२७०६ लिहिलेलं. "मॅडम, वेस्ट हीटमधून वीज काढायची आहे, तुमच्या ओळखीच्या कुठल्या फॅक्टरीत पाइप मिळेल का?" पाइप मिळतो, बडोद्यात गरम पाइपांना तोटा नाही. पण पुढे जे होतं ते पाहून पाहून मला हे पत्र लिहावंसं वाटलं.

माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. पुढच्या वर्षी या विषयावरचे प्रोजेक्ट मंजूर करताना तयार टाइल पाइपला चिकटवायचे प्रस्ताव परत पाठवा. त्याऐवजी थर्मोइलेक्ट्रिक पाय, म्हणजे टाइलच्या आत असतात ते उष्णतेतून वीज करणारे छोटे ठोकळे, मुलांना स्वतः छापायला लावा, थ्रीडी प्रिंटिंगने, ज्या पाइपवर बसवायचे त्याच पाइपच्या गोलाईचे. का, ते सविस्तर सांगते.

आधी त्या टाइलचं काय होतं ते. एका फॅक्टरीत दहा किलो दाबाच्या बॉयलरवरून निघालेल्या चार इंची लाइनवर मुलांनी टाइल बसवली होती. वर हीट सिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा तुकडा, खाली थर्मल पेस्ट भरपूर, सगळं जुबिली क्लिपने आवळलेलं. मल्टिमीटरवर सुरुवातीला आकडा दिसला, फोटो निघाले. थोड्या वेळाने आकडा पडत पडत शून्यावर. क्लिप सोडली तेव्हा वरची सिरॅमिक पट्टी बाजूला सरकली आणि आतले इवलेसे काळे ठोकळे तिरके होऊन एकमेकांवर रेललेले दिसले. आमच्या शेडवरचा फिटर शेजारी उभा होता. त्याने टाइल उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "बेन, आ तो ओगळी गयुं." वितळलं होतंच. ही टाइल थंड करण्यासाठी बनवलेली असते. तिच्या आतलं बिस्मथ-कथिलाचं डाख (सोल्डर) १३८ अंशांना वितळतं, आणि दहा किलोची वाफ साधारण १८३ अंशांवर असते. १३८ चा आकडा डेटाशीटमध्ये असतो, तरी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये "मॉड्यूल फेल्युअर ड्यू टू ओव्हरहीटिंग" एवढंच लिहून मुलं पुढे जातात, आणि पुढच्या वर्षी पुढची बॅच तीच टाइल घेऊन येते.

बरं, डाख चांगलं असतं तरी काय झालं असतं? चार इंची पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमी. त्यावर चाळीस मिमीची सपाट टाइल ठेवली की मधोमध एका रेषेवर टेकते आणि दोन्ही कडांना ३.६ मिमीची फट राहते. कागदावर वर्तुळ काढून कुणीही मोजून घ्यावं. त्या फटीत पेस्ट कोंबा नाहीतर हवा राहू द्या. एक मिलिमीटर स्थिर हवा उष्णतेला जितकी अडवते तितकी अडवायला बिस्मथ टेल्युराइड, म्हणजे टाइलमधल्या ठोकळ्यांचा पदार्थ, सुमारे पाच सेंटिमीटर लागेल. म्हणजे तापमानातला फरक, ज्यावर सगळी वीज अवलंबून, तो आपण फटीत खर्च करून टाकतो. यावर उपाय म्हणून अॅल्युमिनियमचं सॅडल, म्हणजे खाली गोल आणि वर सपाट बैठक, मिलिंग करून बसवतात. चालतं, पण वजन वाढतं, आणखी एक सांधा वाढतो, आणि प्रत्येक पाइपच्या मापाला वेगळं सॅडल करावं लागतं.

मी थर्मोकपलवाली असल्यामुळे हे शास्त्र मला परकं नाही. १८२१ मध्ये झेबेकने जे पाहिलं त्यावरच आमची भाकरी चालते: दोन वेगळे धातू, दोन टोकांना वेगळं तापमान, की व्होल्टेज. के टाइपमध्ये अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. बिस्मथ टेल्युराइडच्या एका पायाला २०० च्या आसपास, पी आणि एन अशी उलट दिशेने व्होल्टेज देणाऱ्या दोन पायांची जोडी धरली तर ४००. त्या १२७०६ मध्ये १२७ जोड्या एकामागोमाग जोडलेल्या असतात, म्हणून अंशाला साधारण ५० मिलिव्होल्ट. आम्हाला मोजण्यापुरतं व्होल्टेज पुरतं, वीज काढायची तर मात्र पदार्थाने वीज सहज वाहू द्यायला हवी आणि उष्णता अडवायला हवी. या तिन्ही गुणांचा हिशोब एका आकड्यात मांडतात, त्याला झेडटी म्हणतात. बिस्मथ टेल्युराइडचा खोलीच्या तापमानाजवळ तो १ च्या आसपास. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात कनिष्क विश्वास यांच्या गटाने २०२१ मध्ये सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये कॅडमियम मिसळून ३०० अंशांजवळ २.६ पर्यंत नेला. आपल्या देशात हे झालंय, याचा अभिमान आहे. पण झेडटी कितीही वाढवा, पाय पाइपला नीट टेकत नसेल तर त्या आकड्याचा शेडवर काही उपयोग नाही.

आता छपाईकडे येते. बाजारातले पाय कसे बनतात? बिस्मथ टेल्युराइडची कांडी ओतायची किंवा पूड दाबून भाजायची, तिच्या चकत्या कापायच्या, चकत्यांचे ठोकळे पाडायचे. पदार्थ ठिसूळ, रचना थरांची, करवतीखाली पापुद्रे सुटतात. पात्याच्या जाडीएवढा माल भुकटी होऊन जातो. आणि त्यातलं टेल्युरियम काही स्वस्त नाही. त्याच्या खाणी म्हणाव्या तशा नाहीत. तांबं शुद्ध करताना टाकीच्या तळाशी जो गाळ बसतो त्यातून ते मुख्यत्वे मिळतं. करवत फक्त सरळ रेषेत चालते, म्हणून पाय चौकोनी आणि टाइल सपाट. टाइलच्या आकाराचं कारण एवढंच आहे, उष्णतेच्या शास्त्रात त्याला काही आधार नाही.

छपाईने ही अट जाते. दक्षिण कोरियातल्या उल्सानच्या संस्थेत जे सुंग सोन यांच्या गटाने २०१८ मध्ये हे करून दाखवलं. त्यांनी बिस्मथ टेल्युराइडची शाई केली, ती सिरिंजमधून थरावर थर सोडली आणि अर्ध्या कड्यासारखे पाय छापले, जे गोल पाइपला अंगासरशी बसतात. झेडटी पी टाइपमध्ये ०.९ आणि एन टाइपमध्ये ०.६ आला. त्यातली खरी मेख शाईत होती. साधारणपणे पूड धरून ठेवायला पॉलिमर घालतात, आणि भाजताना तो पूर्ण जळत नाही, मागे कार्बन राहतो, वीज अडते. त्यांनी पॉलिमरच टाळला. अँटिमनी-टेल्युरियमचे आयन चिकटा म्हणून वापरले, जे भाजल्यावर मूळ पदार्थातच मिसळून जातात आणि कणाला कण जोडायला मदत करतात.

शाई जमणं म्हणजे चकलीचं पीठ जमणं. सोऱ्यातून दाबलं की वाहिलं पाहिजे आणि ताटात पडलं की काटा उभा राहिला पाहिजे. द्रवात पुडीचं प्रमाण किती, कण किती बारीक, नोझल किती मिलिमीटरचं, यावर एक अख्खं सेमिस्टर जाईल आणि जावं. हा प्रोजेक्टचा वाया गेलेला वेळ धरू नका.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, ऑस्ट्रियातल्या आयएसटीए या संशोधन संस्थेतल्या मारिया इबान्येझ यांच्या गटाचं काम प्रसिद्ध झालं. तीही सिरिंजची छपाई. कणांमधल्या सांध्यांवर त्यांनी लक्ष दिलं, आणि पी टाइपमध्ये १.४२, एन टाइपमध्ये सिल्व्हर सेलेनाइड घेऊन १.३ असा झेडटी मिळवला. त्यांच्या कुलरने साध्या हवेत ५० अंशांचा फरक दाखवला. छापलेला माल पोकळ म्हणून कमअस्सल, असं जे बोललं जायचं त्याला हे चांगलं उत्तर आहे.

लेझरचीही एक वाट आहे. पुडीचा थर पसरून लेझरने वितळवत न्यायचा. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात सानिया लेब्लांक यांच्या गटाने बिस्मथ टेल्युराइडवर हे केलंय. पण टेल्युरियम उष्णतेने उडून जातं, प्रमाण बिघडतं, आणि प्रमाण बिघडलं की पी-एनचा हिशोबच बदलतो. झटपट थंड होताना भेगाही पडतात. शिवाय ती मशिनं आपल्या ऐपतीबाहेरची. म्हणून मी सिरिंजच म्हणेन. चिकणमाती छापायचे जे प्रिंटर मिळतात तेवढ्यावर सुरुवात होते. सोबत एक ट्यूब फर्नेस लागेल, आत आर्गॉन सोडता येईल अशी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लॅबमध्ये ती आधीच असेल. तिचा थर्मोकपल बिघडला असेल तर तो माझ्याकडे पाठवा.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. गोलाई हा छपाईचा डोळ्याला दिसणारा फायदा. पायाची जाडी-उंची हवी तशी ठेवता येते, हा न दिसणारा फायदा त्याहून मोठा आहे. त्याच टाइलचा हिशोब करून बघा. पाइप १८३ अंश, मे महिन्यातली शेडमधली हवा ४० अंश, मध्ये १४३ अंशांचा फरक. छोट्या हीट सिंकला पंखा नाही, तर त्याचा उष्णतारोध एका वॅटला ८ अंश धरा. टाइलचा स्वतःचा साधारण २, आणि करंट वाहताना पेल्टिये परिणामाने जी जादा उष्णता ओढली जाते ती धरली तर आणखी कमी. निकाल असा की त्या १४३ मधले जेमतेम २० अंश टाइलच्या वाट्याला येतात, बाकी सगळे हीट सिंक खातो. टाइलची थंड बाजूसुद्धा १६० च्या वर असते, म्हणजे डाख दोन्हीकडून वितळणार. २० अंशांना साधारण १ व्होल्ट, आतला रोध २ ओहम, वीज १३० मिलिवॅटच्या आसपास. आता पाय तेवढ्याच उंचीचे पण दोन्ही बाजूंनी अर्ध्या जाडीचे करा. माल एक चतुर्थांश झाला. उष्णतारोध चौपट, विद्युतरोधही चौपट. तरीही पायांवर आता ५५ अंशांहून जास्त फरक पडतो, व्होल्टेज तिनाच्या जवळ जातं आणि वीज होते २५० मिलिवॅटच्या घरात. पाव मालात जवळजवळ दुप्पट वीज!

आकडे ढोबळ आहेत, मुलांनी नीट करावेत. करवतीने पाऊण मिलिमीटरचे पाय पडतच नाहीत असं नाही, पण ते तुटतात, उचलून बसवताना तुटतात, आणि गोल बैठकीवर तर बसतच नाहीत. नोझलला काय, बारीक पाय, पोकळ पाय, वर निमुळता खाली रुंद, सगळं सारखंच. हीट सिंकला जुळणारा पाय डिझाइन करणं हे बी.ई.च्या मुलांना पेलणारं आणि त्यांच्या हातून खरंच काही नवं निघू शकेल असं काम आहे.

तुम्ही विचाराल, पाव वॅट वीज घेऊन करायचं काय. विजेचं बिल यातून कमी होत नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर शहराला उजळवणारे बल्ब मी पुष्कळ पाहिलेत. माझी गरज वेगळी आहे. हल्ली गिऱ्हाईक वायरलेस सेन्सर मागतं. केबल टाकायचा खर्च वाचतो. मिनिटाला एकदा रीडिंग पाठवणाऱ्या सेन्सरला सरासरी एक मिलिवॅटसुद्धा लागत नाही. पण त्यातला साधा लिथियम सेल ८५ अंशांच्या पुढे नेता येत नाही, आणि सेन्सर बसतो कुठे, तर स्टीम लाइनवर, पाइप रॅकवर, जिथे बदलायला माणूस शिडी आणि परमिट घेऊन चढतो. सेल संपला की सेन्सर आंधळा, आणि शिव्या मला. कोयलीची रिफायनरी असो, नंदेसरीतली केमिकल युनिटं असोत की आमच्या रांगेतल्या छोट्या भट्ट्या, जिथे पाइप गरम आहे तिथेच सेन्सर हवा असतो, म्हणजे वीज करायचं साधन आणि विजेची गरज एकाच जागी. २० मिलिव्होल्टपासून उचलणाऱ्या बूस्टर चिप बाजारात मिळतात. एक छापलेली रिंग, चार बोटं रुंद, सेन्सरला पुरून उरेल. १९७७ मध्ये सुटलेली व्हॉयेजर यानं याच तत्त्वावर अजून बोलताहेत. त्यांच्याकडे उष्णता प्लुटोनियमची, आपल्याकडे वाफेची.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. रिंग बसवायला पाइपचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टण, उघडावं लागतं, आणि लॅगिंग उघडलं की बॉयलरवाला भांडायला येतो. त्याचं बरोबर आहे. रिंगमधून दहाएक वॅट उष्णता जाते. तेवढी जाऊ द्यायला तो तयार होईल, पण बाजूच्या उघड्या पाइपमधून जी जाईल ती नाही. म्हणून रिंगची रुंदी आणि लॅगिंगची कड हेही डिझाइनमध्ये धरा.

आणखी दोन गोष्टींवर मुलं हमखास घसरतात, तिथे मार्गदर्शक म्हणून तुमचं लक्ष हवं. एक, पायाचं टोक. तांब्याची पट्टी थेट बिस्मथ टेल्युराइडवर डाखली की तांबं आत शिरतं आणि पदार्थ नासतो, म्हणून मध्ये निकेलचा थर लागतो. बडोद्यात प्लेटिंगवाले आहेत, मुलांनी त्यांच्याकडे जाऊन बसावं. दीड मिलिमीटरच्या पायाचा स्वतःचा रोध, एका चौरस सेंटिमीटरला, दीड दशहजारांश ओहम. सांध्याचा रोध एक दशहजारांशावर गेला तर दोन सांधे मिळून पायापेक्षा जास्त खातात आणि छपाईची सगळी मेहनत पाण्यात. पाय छापून झाला की प्रोजेक्ट संपला असं कुणी म्हटलं तर त्याला हा हिशोब दाखवा.

दुसरी गोष्ट मापनाची. ही माझी दुखरी नस आहे, धंद्याचीच सवय. बिस्मथ टेल्युराइडमध्ये थरांच्या दिशेने आणि थरांना आडवं मोजलं तर आकडे वेगळे येतात, आणि नोझलमधून दाबताना कण एका दिशेला वळू शकतात. मुलं व्होल्टेज एका दिशेने मोजतात, उष्णतावहन दुसऱ्या, आणि गुणाकार करून झेडटी २ लिहितात. तिन्ही मापं एकाच दिशेने, एकाच तुकड्यावर घ्यायला लावा. हारमनची जुनी पद्धत आहे, १९५८ ची, पायातून करंट सोडून डीसी आणि एसी रोधांची तुलना करायची. महागडं यंत्र न घेता झेडटीचा अंदाज येतो. तापमान मोजायला बारीक तारेचे थर्मोकपल लागतील. जाड तार लावली तर तीच उष्णता ओढून नेते आणि आकडा खोटा येतो. बारीक तारा मी देईन. डिव्हाइस तयार झाल्यावर विद्युत चाचणीबद्दल सल्ला हवा असेल तर मकरपुऱ्यातच विद्युत उपकरणांची चाचणी करणारी, १९७४ मध्ये स्थापन झालेली एर्डा ही संस्था आहे, तिथे विचारून बघा.

टेल्युरियमची पूड उघड्यावर चाळायची नाही, फ्यूम हूडमध्येच, मास्क लावून. शरीरात गेलं तर श्वासाला दिवसेंदिवस लसणाचा वास येतो. हॉस्टेलवर हे लपणार नाही.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते त्रिभुवनदास गज्जरांना हाताशी धरून. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, जे गावात चालतं ते शास्त्र म्हणून शिकवायचं, असा हेतू होता. आमच्या शेडपासून ती इमारत फार लांब नाही. तुमच्यापैकी काही जण तिथलेच, काही जण तिथे शिकलेले. मी त्या परंपरेच्या नावाने भाषण करत नाही; मुलांची बस मकरपुऱ्यापर्यंत येते, एवढंच लक्षात आणून देते.

माझ्याकडून काय मिळेल तेही लिहिते. चाचणीसाठी आमच्या शेडमध्ये एक पाइपचा तुकडा आतून हीटर घालून १८० अंशांवर धरून ठेवता येईल, म्हणजे फॅक्टरीची परवानगी मिळेपर्यंत मुलांचं काम अडणार नाही. थर्मोकपल, कॅलिब्रेशन आणि आमच्या फिटरचा वेळ प्रोजेक्टसाठी फुकट. पैसे मात्र देता येणार नाहीत, धंदा तेवढा मोठा नाही. आणि एक अट: रिपोर्टमध्ये सांध्याचा रोध मोजलेला असला पाहिजे, धरलेला नको.

सिनॉप्सिस ठरायच्या आधी कळवलंत तर बरं. पाइप दीड इंची हवा, दोन इंची की चार, आणि भिंतीची जाडी शेड्यूल ४० ची की ८० ची, तेवढं लिहून पाठवा, मी तुकडा कापून ठेवते.

आपली,
मकरपुऱ्यातली एक थर्मोकपलवाली